आधी आवाज, का आधी पडणं?

एका नव्वदीच्या बाईला मी चार माणसांत खोटं पाडलं. तेव्हा मी तिशीत होतो, अंगात नवा कोट होता आणि कोटाच्या खिशात खडू होता. या तिन्ही गोष्टींचा माझ्या चुकीशी संबंध आहे. वयाचं मला काही करता येत नव्हतं. कोट पुढे विरला. खडू मात्र अजूनही फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातात मोडतो, आणि मोडला की मला बाळाक्का आठवते.

बाळाक्का हाडं बसवायची. कुंडलपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात माझी शाळा होती. मुलूख असा, की एक गाव संस्थानचं तर शेजारचं खालसातलं, म्हणजे इंग्रजांचं. हद्दीच्या ओढ्यात म्हैस बसली तर ती कोणत्या सरकारात बसली यावर वाद व्हायचा. बाळाक्काला दोन्हीकडून बोलावणं येई. चळवळीचे दिवस होते. कुणी पोलिसांच्या काठीनं हात मोडून घेऊन येई, तर कधी काठी उगारताना खांदा निखळलेला पोलिसही येई. ती दोघांनाही एकाच घोंगड्यावर बसवायची आणि दोघांनाही सारख्याच शिव्या द्यायची.

नाव बाळाक्का, आणि वय विचारलं तर म्हणे, "दात मोज आन् सांग." मग तोंड उघडून दाखवी. आत मोजण्यासारखं काही नव्हतं. बांधा बारीक, पाठीला बाक, गुडघे बाहेर झुकलेले. कपाळावर गोंदण होतं, पण सुरकुत्यांत ते इतकं दुमडून गेलं होतं की तुळस होती की विंचू, हे गावाला कधी ठरवता आलं नाही. बोटं मात्र लांब आणि सरळ. त्या देहात ती बोटं दुसऱ्या कुणाची तरी लावल्यासारखी दिसत.

ती मूळची पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरांमागं वाढलेली. खडकावरून उडी घेताना कोकराचा पाय मोडे. मागं ठेवावं तर लांडगा, खांद्यावर घ्यावं तर कळप पुढं जाई. म्हणून पाय तिथल्या तिथं बांधून त्याला चालतं करायचं, हे ती लहानपणीच शिकली. पुढं माणसांवर हात बसला. "मेंढरू आन् माणूस, हाड एकच," ती सांगे. "मेंढरू वरडत न्हाई, एवढाच फरक."

बांबूच्या कामट्या, उडदाचं पीठ, अंड्यातलं पांढरं आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या, एवढाच तिचा दवाखाना. नवं कापड ती वापरत नसे. नवं कापड ताठ असतं, ते हाडाशी भांडतं, असं तिचं म्हणणं. मोबदला म्हणजे तंबाखूची चार पानं. चांगली नसली तर ती वास घेऊन परत करी आणि म्हणे, "ही तूच खा. तुझं हाड लौकर जुळंल, मरणाच्या भीतीनं."

पण ज्यासाठी ती सगळ्या मुलखाला ठाऊक होती ती गोष्ट वेगळीच. रोग्याजवळ बसल्यावर ती आधी अंगाला हात लावत नसे. तंबाखू मळायची, दाढ होती तिथं ठेवायची आणि विचारायची, "आधी आवाज, का आधी पडणं?"

तरण्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसे. झाडावरून, बैलावरून, तालमीत कुठूनतरी तो पडलेलाच असे. प्रश्न खरा म्हाताऱ्यांसाठी. आमच्या भागात म्हातारं माणूस पडलं की घर त्याला उचलायच्या आधी कुणामुळं पडलं ते शोधायला लागतं. पाणी कुणी सांडलं, दावं कुणी आडवं टाकलं, उंबऱ्याशी पाट कुणी ठेवला. हा शोध फिरत फिरत नेमका घरातल्या धाकट्या सुनेपाशी येऊन थांबतो. थोरली सून तोवर हुशार झालेली असते.

बाळाक्काचा प्रश्न म्हणजे या खटल्याचा निकाल असे. म्हातारं म्हणालं, आधी पडले, मग मोडलं, तर खटला उभा. पण म्हातारं म्हणालं, आधी आत कट्टदिशी आवाज झाला आणि मग मी खाली आले, तर बाळाक्का बाहेर येऊन सोप्यात जमलेल्यांना सांगे, "आवाज आधी. हाड पिकलं हुतं. आपल्या आपण मोडलं आन् म्हातारी पडली. कुनाचा हात न्हाई, कुनाचं पाणी न्हाई. निघा आता, कामं न्हाईत व्हय?"

आणि लोक निघत. सून मान वर करी, आणि मग कुठं म्हाताऱ्याच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवायचं कुणाला तरी सुचे.

माझा तिच्यावरचा विश्वास उडाला तो सुभेदारांमुळं. सुभेदार म्हणजे पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, ऐंशीच्या घरातले गृहस्थ. मिशा तेव्हाच्याच, बाकी सगळं नंतरचं. एका दुपारी त्यांचं मनगट मोडलं. मी समाचाराला गेलो तेव्हा बाळाक्का पोचली होती.

"आधी आवाज, का आधी पडणं?"

"आम्ही पडलो नाही," सुभेदार म्हणाले. "पोझिशन घेतली."

"कुनाच्या विरुध?"

कणगीशेजारी पालथा पडलेला पाट मला दिसत होता आणि वर शिंकं अजून झुलत होतं. बाळंत झालेल्या नातीसाठी केलेले डिंकाचे लाडू त्या शिंक्यात होते. बाळाक्कानं त्यांचा हात नाकाशी नेला.

"सुभेदार, हाताला तुपाचा वास कसा?"

"तेल आहे. रायफलीचं."

"रायफलीला डिंकबी लावत्यात व्हय?"

सुभेदारांनी छताकडं बघितलं. बाहेर सोप्यात त्यांची सून रडवेली उभी होती, कारण पाट कणगीपाशी तिनं ठेवला असा शोध एव्हाना लागला होता. बाळाक्कानं मनगट ओढून जागेवर आणलं. सुभेदार असे ओरडले की बसऱ्यालाही ऐकू गेलं असेल. कामट्या बांधून झाल्यावर ती बाहेर आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "आवाज आधी!"

मी चकित झालो. ही बाई धडधडीत खोटं बोलत होती! मी शास्त्र शिकवणारा माणूस. मला ते फार लागलं. आता वाटतं, शास्त्रापेक्षा आदल्या महिन्यातली एक गोष्ट मला जास्त लागली होती. पारावर मी लोकांना हाडाविषयी सांगत होतो. म्हातारपणी हाड आतून पोकळ आणि ठिसूळ होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते मी सांगितलं नाही, कारण ते बाळाक्काच्या बाजूचं होतं. मी एवढंच सांगितलं, की हाडात चुना असतो. बाळाक्का कडेला बसली होती.

"हाडात चुना?" ती म्हणाली. "मग तंबाखू तेवढी घालायची र्‍हायली."

गाव आठ दिवस हसलं. शाळेत मुलं एकमेकांना "चुना घे" म्हणू लागली. हे मी विसरलो नव्हतो.

शाळेसमोर तात्यांचं घर होतं. तात्या म्हणजे नदीकाठच्या उसाचे मालक. त्यांची आई हौसाबाई पंच्याऐंशीच्या पुढची. तात्यांचा मुलगा शंकर लग्नानंतर वर्षाच्या आत पलटणीत गेला आणि लढाईत दूर कुठंतरी होता. त्याची बायको सुंद्रा, विट्याच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातली, एकोणीस-वीस वर्षांची. तात्यांची बायको मागंच वारलेली, म्हणून घरातली धाकटी सून तीच आणि थोरलीही तीच. म्हणजे शोधाला दुसरी जागाच नव्हती.

एके सकाळी तात्यांच्या घरातून ओरडा झाला. मी शाळा सोडून धावलो. हौसाबाई खांबाच्या पायथ्याशी पडली होती. सुंद्रानं नुकताच सोपा सारवला होता आणि कडेची जमीन अजून ओली होती. हौसाबाईचा उजवा पाय आखूड दिसत होता, आणि पाऊल असं बाहेर वळलं होतं की अंगठा दाराकडं बघत होता.

बैलगाडी पाठवून बाळाक्काला आणलं. तिनं अंगठ्याकडं एकदा बघितलं आणि कामट्यांचं गाठोडं सोडलंच नाही. तंबाखू मळली. प्रश्न विचारला.

हौसाबाई कण्हत म्हणाली, "खांबाला धरून हुबी हुते गं. आत कट्ट झालं. मग खाली आले."

"आवाज आधी," बाळाक्का वळून म्हणाली.

आणि मी पुढं झालो.

"आक्का, तुम्ही सुभेदारांच्या घरीही हेच म्हणाला होता," मी म्हणालो. "हाड काही आपोआप मोडत नसतं. पडल्याशिवाय वस्तू मोडत नाही." मी खिशातून खडू काढला, उंच धरला आणि सोडला. फरशीच्या तुकड्यावर आपटून त्याचे तीन तुकडे झाले. "बघा. आधी पडला, मग मोडला. आजींना त्या वेळी कळलं नसेल. जमीन ओली होती, त्या घसरल्या."

मी हे कुणाविरुद्ध म्हणून बोललो नव्हतो. मी शास्त्र सांगत होतो. पण मी बोलणं थांबवलं तेव्हा सगळे खडूकडं न बघता ओल्या सारवणाकडं बघत होते, आणि सारवणाकडून सुंद्राकडं. तिच्या हाताला अजून शेण होतं.

तात्या म्हणाले, "मास्तर शिकल्यालं हाय."

बाळाक्का माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, खडू कुनाची सून न्हाई."

एवढंच. मग तिनं सुंद्राला जवळ बोलावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "खुब्याला कामट्या बसत न्हाईत. दोन्ही पायांच्या मधी उशी ठेव. आन् दिवसातनं सा-सात येळा हिला कुशीवर वळीव. न्हाईतर हाड र्‍हाईल बाजूला, पाठच सडंल. ध्यानात र्‍हाईल?"

सुंद्रानं मान हलवली. मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. तात्या म्हणाले की ह्या वयात आईला कशाला हिंदळायचं. शिवाय गाड्या उसाला लागल्या होत्या.

सुंद्रानं आठ दिवस हौसाबाईला वळवलं. मी शाळेच्या खिडकीतून बघत असे. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि बोलत बोलत, जणू काही दुसरंच काम चाललंय, अशी ती त्या म्हातारीला कुशीवर करी. हौसाबाई शिव्या देई, मग वळल्यावर झोपी जाई.

नवव्या दिवशी तात्यांच्या बहिणी आल्या. त्या गाडीतूनच रडत उतरल्या आणि उतरल्यावर ओलं कुठं होतं ती जागा बघायला गेल्या. ती आता वाळली होती, तरी त्यांना ती दिसली. दोन दिवसांत ठरलं, की जिनं पाडलं तिच्याच हातात आईला ठेवायची नाही. सुंद्राचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. ती गाडीत बसताना मी शाळेच्या दारात उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

शंकरला पत्र मीच लिहिलं. तात्या सांगत होते, "तुज्या बायकूनं म्हातारीला पाडलं." मी लिहिलं, "ओल्या जमिनीवरून घसरून पूजनीय आजींच्या खुब्यास दुखापत झाली असून त्यास सौ. सुंद्राबाईंचा निष्काळजीपणा कारण झाला आहे." चुकीचं मराठी माझ्या हातून जात नसे.

त्यानंतर त्या घरात माणसांना तोटा नव्हता. दोन बहिणी, त्यांच्या मुली, शेजारणी. हौसाबाईच्या भोवती दिवसभर बायका बसलेल्या. कुणी अंगारा लावी, कुणी जुन्या गोष्टी काढी, सगळ्या हळहळत. वळवत मात्र कुणी नव्हतं. हात लावला की ती ओरडे, आणि ओरडली की बहिणी म्हणत, "नगा गं तरास दिऊ आईला." पंधरा दिवसांत घरात वास सुटला. उसाचा हंगाम संपायच्या आत हौसाबाई गेली. तात्यांनी तेरावा असा केला की तीन गावं जेवली. मीही जेवलो. पुरणपोळी चांगली झाली होती.

बाळाक्का जेवायला आली नाही. पण गावातल्या बायकांना तिनं माझं नाव ठेवून दिलं: पडणं-मास्तर. पाणवठ्यावरून गेलो की मागून कुजबुज येई, "पडणं-मास्तर चाललं." मुलंही म्हणत असावीत, कारण मी वर्गात शिरलो की कुणीतरी हमखास खडू खाली टाकी.

लढाई संपली. शंकर परत आला. छातीवर दोन पदकं, पायात बूट आणि बोलण्यात "क्यों" आणि "जल्दी". बायकोविषयी विचारलं की तो बुटाकडं बघे. माझं पत्र त्यानं जपून ठेवलं होतं, असं तात्या अभिमानानं सांगत. त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघणं सुरू झालं. पलीकडच्या गावची एक पसंतही पडली. आता सुपारी फुटायची बाकी होती. सुंद्रा माहेरी तशीच होती.

याच दिवसांत शाळेच्या कपाटाच्या दारात माझा अंगठा सापडला. तो सुजून वांग्यासारखा झाला. दोन दिवस मी शास्त्रावर काढले, तिसऱ्या दिवशी बाळाक्काकडं गेलो. ती मेंढरांच्या वाडग्यापाशी, कुंपणाच्या खांबाला धरून उभी होती. मला बघून तिचे सगळे नसलेले दात दिसले.

"या, पडणं-मास्तर. आधी आवाज, का आधी पडणं?"

"दार लागलं," मी म्हणालो.

"सुनेनं लावलं का?"

मी सुजलेला अंगठा पुढं केला. "थांब, कामटी आनते," असं म्हणून ती वळली. फक्त वळली. वाळलेलं जोंधळ्याचं ताट गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. टक्. मी चार हातांवर होतो, मला तो स्पष्ट ऐकू आला. मेंढरांनीही माना वर केल्या. बाळाक्का मात्र उभीच होती. खांब तिच्या मुठीत होता, आणि ती माझ्याकडं बघत होती, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखी. मग ती खांबावरून हळूहळू घसरत खाली आली.

जमीन कोरडी होती. दावं नव्हतं, पाट नव्हता. आम्हा दोघांशिवाय जवळ कुणी माणूस नव्हतं.

मी धावून तिच्याजवळ बसलो. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"आधी काय?"

"आवाज."

"पायाचा अंगठा कुठं बघतोय?"

मी बघितलं. "बाहेर. वाडग्याच्या दाराकडं."

"मग झालं," ती म्हणाली. एवढ्या वेदनेत तिच्या आवाजात समाधान होतं. ते बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

तिचे पुतणे आले. तिला झोपडीत नेऊन बाजल्यावर ठेवलं. पायांमध्ये घोंगडीची गुंडाळी कशी ठेवायची, कुशीवर कसं वळवायचं, हे ती पुतण्यांच्या बायकांना ओरडून सांगत होती. सगळे बाहेर गेल्यावर मी तिचे पाय धरायला वाकलो.

"आक्का, माझं चुकलं. मला माफ करा."

"मी कवा तुझं मनावर घेतलं?" ती म्हणाली. "पाय सोड. मोडल्याला हाय त्यो. जिची मागायची तिची माग. शंकऱ्याची सुपारी फुटायच्या आत माग."

मला एक विचारायचं होतं. "हौसाबाईंचं खरंच असं झालं होतं? का सुभेदारांसारखं..."

"मला काय ठावं? मी तितं हुते व्हय? तू हुतास व्हय?"

"मग तुम्ही सांगितलं ते?"

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "म्हातारीच्या खुब्याला कामट्या बसत न्हाईत, मास्तर. मग मी कुटं बांदायच्या? घरात वळवाय कोन तरी र्‍हायला पायजे का नगं?"

मी घरी आलो आणि चार दिवस काहीच केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण चार दिवसच होते ते, मोजून. पहिल्या दिवशी अंगठा दुखत होता. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार अशी बातमी होती. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी कारण सापडलं नाही, तरी गेलो नाही. गाव मला पडणं-मास्तर म्हणत होतं. आता खोटा-मास्तर म्हणेल, ही भीती मला एका बाईच्या संसारापेक्षा मोठी वाटत होती.

पाचवा दिवस शनिवार. मारुतीच्या पारावर सगळे जमले होते. तात्या, शंकर, सुभेदार. ओढ्याकडून एक बाजलं येताना दिसलं. चार पुतण्यांच्या खांद्यावर ते बाजलं आणि बाजल्यावर बाळाक्का.

"चारजणं लागत्यातच," ती वरून म्हणत होती. "आजच सराव करून घ्या, रं."

बाजलं लिंबाखाली ठेवलं. तिचं तोंड पाच दिवसांत मुठीएवढं झालं होतं. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मास्तर कायतरी सांगणार हाय. म्या ऐकाय आले."

मी उठलो. खिशात हात गेला, सवयीनं, आणि खडू हाताला लागला. मी तो दोन बोटांत धरून हळूच दाबला. तो मोडला.

"हा पडला नाही," मी म्हणालो. "फळ्यावर रोज असाच मोडतो. त्या दिवशी मला ते आठवलं नाही. आठवायचं नव्हतं. बाळाक्काचं हाड माझ्या देखत मोडलं. आधी आवाज झाला. हौसाबाईही तेच सांगत होत्या. मी त्यांचं ऐकलं नाही. मी खोटं..."

"ऐकू येत न्हाई," बाजल्यावरून आवाज आला. "मोठ्यानं बोल. शाळंत वरडतोस की."

"मी चुकलो!" मी मोठ्यानं म्हणालो. "सुंद्राबाईंचा दोष होता की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी ते ठाऊक असल्यासारखं बोललो. शंकर, ते पत्र माझ्या अक्षरात आहे. ते फाडून टाक."

तात्या पंच्याच्या टोकानं मान पुसत होते. तेवढ्यात सुभेदार उठून उभे राहिले, छाती काढून.

"हमारी गवाही है!" ते म्हणाले. "आमच्या मनगटाचाबी आवाज आधी झालता. कट्ट! सगळ्या सोप्यात ऐकू गेलं."

बाळाक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले. तिचं पोट हलत होतं. हसल्यावर मोडलेलं हाड किती दुखतं ते तिलाच ठाऊक.

शंकर बुटांकडं बघत होता. मग म्हणाला, "तात्या, गाडी जुंपतो."

"आरं, त्या पलीकडच्या लोकांस्नी सबूद दिलाय..." तात्या म्हणाले.

"तुमी दिलाय," शंकर म्हणाला आणि निघाला. चार पावलांवर थांबून माझ्याकडं न बघता बोलला, "मास्तर, तुमीबी चला. म्या एकटा तिला काय सांगू?"

गाडी ओढ्याच्या वाटेला लागली तेव्हा बाळाक्काचं बाजलं परत चाललं होतं. वळणावर दोन्ही जवळ आली. तिनं पुतण्यांना थांबवलं आणि बाजल्याच्या कडेवरून मान काढून माझ्याकडं बघितलं. उन्हात तिचं गोंदण त्या दिवशी पहिल्यांदा मला स्पष्ट दिसलं. तुळसच होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तितं खडू न्हेऊ नगंस."

मी खिशातले दोन्ही तुकडे काढून वाटेवर टाकले. तिनं हात हलवला. जा म्हणून की बास म्हणून, ते कळलं नाही. बाजलं हलत हलत बाभळींच्या आड गेलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं परत आलो तेव्हा पुतणे नदीवरून येत होते, अंगावर ओली धोतरं घेऊन.

पण त्याआधीचा एक प्रसंग सांगायचा राहिला, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. विट्याच्या पलीकडं दोन कोस गेल्यावर सुंद्राचं माहेर. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात सुपानं जोंधळे पाखडत होती. शंकरला बघून तिनं पदर डोक्यावर ओढला, पण उठली नाही आणि पाखडणंही थांबवलं नाही. तिचा बाप घोंगडं अंथरायला लागला. शंकर बैलांपाशी रेंगाळला, सोडायची घाई नसलेली गाठ सोडत.

मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. वाटेत पाठ केलेलं सगळं शुद्ध मराठी विसरलो होतो.

"मास्तर," तीच आधी बोलली, सुपाकडं बघत, "मी गेल्यावर आजीला कुशीवर कोन वळवत हुतं?"

बैलांपाशी शंकरचे हात थांबले.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मी तुम्हाला घालवलं, म्हणून कुणी नव्हतं. माझं चुकलं, सुंद्राबाई. मला माफ करा."

सूप चालूच होतं. जोंधळे वर उडत होते, खाली पडत होते, आणि त्यांच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही ते समजत नव्हतं. म्हणून मी तेच पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.